तफीदाचा चिरलेला सोटा

मित्रांनो, मी एक जुना सोटा आहे. टोकापासून मुठीपर्यंत चिरलेला, मुठीजवळ तारेने आवळलेला आणि तफीदाच्या कपाटावर धूळ खात पडलेला. मला हलवले तर मी खुळखुळ्यासारखा वाजतो. पण माझ्या आजच्या रूपावर जाऊ नका. एके काळी कैरोच्या बुलाक वस्तीत मी नुसता दिसलो, तरी दुकानांच्या फळ्या धडाधड लागायच्या.

नाईलच्या वरच्या अंगाला एका म्हाताऱ्या सुताराने मला विस्तवावर शेकून सरळ केले आणि चाळीस दिवस तेलात बुडवून ठेवले. तेल पिऊन मी असा घट्ट झालो की समोरचे डोके फुटायचे, मी नाही. मला पितळेच्या दोन कड्या घालून अबू सरी घेऊन गेला. अबू सरी म्हणजे बुलाकचा दादा. वस्तीतले लोक त्याला ‘मुअल्लिम’ म्हणत आणि त्याच्या शब्दाबाहेर तिथे पान हलत नसे. बळी तो कान पिळी, दुसरे काय! त्याच्या हातून मी किती हाडे मोडली ते मला सांगता येणार नाही. खरे सांगतो, तेव्हा मला लाज वाटत नव्हती. लोक म्हणायचे, “सोटा असावा तर असा!” आणि मी फुगायचो.

मग ते लग्न आले.

आमच्याकडे लग्नात गाणारा मध्येच थांबतो आणि आलेल्या मोठ्या माणसांच्या नावाने सलाम पुकारतो. प्रत्येक नावाला वाजंत्री दणका देतात. पहिला सलाम वस्तीच्या दादाचा. हा क्रम चुकला, तर खुर्च्या उडतात आणि दिवे फुटतात. त्या दिवशी दर्बुका ही ढोलकी वाजवायला आणि सलाम पुकारायला उस्ता महरूस होता. हा भला माणूस समुद्रकाठच्या रशीद गावचा, बुलाकमध्ये नुकताच बिऱ्हाड घेऊन आलेला. त्याच्या गावात पहिला मान पाहुण्याचा. त्याने बिचाऱ्याने हसत हसत शेजारच्या वस्तीहून आलेल्या दादाचे नाव आधी पुकारले.

वाजंत्र्यांचे हात थांबले. अबू सरी उठला.

“कोणत्या हाताने ठेका दिलास रे?”

“मुअल्लिम, चुकलं. आमच्याकडे पाहुण्याला...”

“हात विचारला मी. तुमच्याकडचं नाही विचारलं.”

महरूसने उजवा हात पुढे केला. त्याला वाटले, छडी बसेल. मी त्या मनगटावर तीनदा पडलो. तिसऱ्या वेळी आतून जो आवाज आला, तो मी आधी शंभरदा ऐकला होता. पण त्या वेळी मंडपात चौदा वर्षांची एक मुलगी “बाबा!” म्हणून ओरडली आणि तो आवाज मला पहिल्यांदा नकोसा झाला. ती तफीदा. तिच्या बापाची बोटे पुन्हा कधी मिटली नाहीत. आणि मिटत नाहीत ती बोटे दर्बुका काय वाजवणार?

दोन वर्षांनी भाजीबाजारात दोन वस्त्यांची मारामारी जुंपली. अबू सरीच्या डोक्यात वीट बसली, मी त्याच्या हातातून निसटलो आणि कांद्याच्या पातीत जाऊन पडलो. लोक वाट फुटेल तिकडे पळाले. पातीची जुडी घ्यायला आलेल्या तफीदाने मला उचलले, अंगावरच्या काळ्या चादरीखाली दडवले आणि सरळ घरी आणले.

महरूस मला पाहून पांढराफटक पडला. “चुलीत घाल तो!”

“नाही बाबा. याला मी नाचवणार.”

“तुला वेड लागलंय.”

“लागू दे. याने आपल्याला रडवलं ना? आता हा लोकांना हसवेल.”

आणि तिने बोलून दाखवले तसे केले. तफीदाचा गळा गोड, त्याहून तिच्या नकला भारी. आधी लग्नात, मग रौद अल-फरगच्या नदीकाठच्या नाटकगृहात ती हसवणारी गाणी म्हणू लागली. कोळशाने मिशी काढून, मला खांद्यावर टाकून ती दादाच्या ऐटीत यायची आणि गायची:

“चौकात देतो मिशीला पीळ, घरात खातो वहाणेचा मार,
विचारलंत तर सांगतो बाई, पायरी आमची निसरडी फार!”

मग अदृश्य बायकोचा मार खात ती रंगमंचभर कोलमडायची. पडण्याचे तिने सात प्रकार बसवले होते. लोक पोट धरून हसायचे. माझ्या पितळी कड्या पाहून हा दादा कोण, हे बुलाकच्या लोकांना न सांगता कळायचे. तिचे नाव झाले, भिंतींवर तिची चित्रे लागली. पण सोटा गमावलेल्या दादाला कोण विचारतो? अबू सरीला पोरेसुद्धा “मुअल्लिम, पायरी सांभाळा!” म्हणू लागली.

शेवटी त्याचा निरोप आला. “शुक्रवारी दुपारच्या खेळाला मी पुढच्या रांगेत बसेन. पहिला सलाम माझ्या नावाने पुकारायचा आणि सोटा सर्वांसमोर परत द्यायचा. नाही तर बाईचं हाड शाबूत राहणार नाही.”

“देऊन टाक गं बाई,” महरूस म्हणाला. “माझा हात गेला, तेवढा पुरे.”

त्या शुक्रवारी तफीदाने मिशी जरा मोठीच काढली.

गाणे अर्ध्यात थांबवून ती पुढे आली. अबू सरी मांडीवर हात ठेवून बसला होता. तिने मला उंच धरले. “पहिला सलाम,” तिने पुकारले, “रशीदचा दर्बुकावाला, माझा बाप, उस्ता महरूस याला!”

वाजंत्र्यांनी दणका दिला. अबू सरी एका उडीत वर चढला आणि त्याने मला तिच्या हातातून हिसकावले. किती वर्षांनी तो तळहात मला लागला! मी तिच्या डाव्या खांद्यावर उतरलो. गळ्याखालचे हाड कट्कन मोडले. तफीदा पडली, आणि अंगवळणी पडलेली सवय बघा, मित्रांनो, ती पडलीसुद्धा गमतीदारपणे, गिरकी घेऊन.

लोक खो खो हसले.

मी पुन्हा पडलो, तिच्या बरगडीवर. मिशी गालभर पसरली, तोंडातून रक्त आले. “अहो, खरंच मारतोय हा!” ती किंचाळली. हसणे दुप्पट झाले. कोणी ओरडले, “वा तफीदा, आज नवीन सोंग!” तिच्या शब्दाशब्दाला टाळ्या पडत होत्या. मी लाकूड आहे, मला रडता येत नाही. येत असते तर तेव्हा रडलो असतो.

तेवढ्यात पडद्याआडून महरूस आला. त्याने लेकीच्या अंगावर स्वतःला झोकून दिले आणि वाकडा झालेला उजवा हात वर धरला. तो हात बुलाकच्या लोकांनी ओळखला. पुढची रांग गप्प झाली, मग तिच्यामागची. अबू सरीने दोन्ही हातांनी मला डोक्यावर उगारले. खाली पडलेल्या तफीदाने त्याचा घोटा धरून ओढला. तो हेलपाटला आणि मी महरूसच्या डोक्याऐवजी रंगमंचाच्या लोखंडी कठड्यावर आदळलो.

मी फुटलो. टोकापासून मुठीपर्यंत माझी दोन उभी शकले झाली.

अबू सरीच्या ते ध्यानात आले नाही. त्याने जीव खाऊन मला महरूसच्या पाठीवर हाणले. फट्याक! माझी शकले एकमेकांवरच आपटली आणि आवाज असा झाला की छतावरची कबुतरे उडाली. पण महरूस जागचा हलला नाही. मान वळवून तो गोंधळून म्हणाला, “हे काय, लागत नाही!” दादाने पुन्हा हाणले. फट्याक! पुन्हा. फट्याक! वरच्या सज्जात एक म्हातारी फिस्सकन हसली, आणि मग सगळे नाटकगृह हसले. या वेळी लोक कोणाला हसत होते, हे अबू सरीला चांगले कळले. मला टाकून तो गेला. पुन्हा तो बुलाकमध्ये दिसला नाही.

तफीदाचा डावा खांदा कायमचा उतरला. नाच संपला, गाणे राहिले. आणखी बावीस वर्षे तिने लोकांना हसवले. दादाची मिशी आता महरूस लावायचा आणि बायकोचे सोंग घेतलेली तफीदा मला त्याच्या पाठीवर वाजवायची. पण पहिल्या फटक्याआधी ती न चुकता पुढे यायची, माझी दोन्ही शकले उघडून लोकांना दाखवायची आणि म्हणायची, “बघून घ्या मंडळी. आज खोटं आहे. आता हसा.”

महरूस आता नाही. तफीदा थकली आहे. पाऊस पडायचा झाला की आधी तिच्या खांद्याला कळते. शेजारची मुले कधी मला खाली काढतात, एकमेकांना फटकावतात आणि खिदळतात. मला ते आवडते.

फक्त एक विनंती करतो, मित्रांनो. कुठे कोणी मार खाताना दिसले आणि तुम्हाला हसू आले, तर आधी मारणाऱ्याच्या हाताकडे बघा. सोटा चिरलेला आहे की शाबूत, एवढे बघा. त्या शुक्रवारी नाटकगृहात चारशे माणसे होती, आणि ते कोणीच बघितले नाही.