भरीव वेळू

इंद्रजीतचा उजवा हात मनगटात मोडायचा, हे रूपानं ठरवलं त्याला आता दोन वर्षं होत आली होती. तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं. शेंद्र्याच्या कंपनीत मशीनवर उभी असली, बसच्या खिडकीशी बसली, घरी भाकरी थापत असली, तरी तिच्या डोळ्यांपुढं तेच मनगट यायचं, लाल दोरा बांधलेलं.

तिचे वडील कडुबा वस्ताद. देवगाव रंगारीत त्यांनी चाळीस वर्षं लाठी शिकवली. इंद्रजीत हा त्यांचा सगळ्यात तयार शिष्य. आठ वर्षं तो त्यांच्याच घरी जेवला. रूपाला पहिला पवित्रा त्यानंच शिकवला होता, आणि ती त्याला दादा म्हणायची. पुढं त्याला शहरात वस्तादांच्या नावानं वर्ग काढायचा होता. वस्ताद म्हणाले, "दोन वर्षं थांब. हात तयार हाय तुझा, डोकं नाय."

तो थांबला नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत गुरु-शिष्याचा खेळ झाला. खेळ संपला, दोघांनी काठ्या जमिनीला टेकवून मुजरा केला, वस्ताद गर्दीकडं वळले, आणि तेवढ्यात इंद्रजीतची काठी त्यांच्या मनगटावर आली. दोन्ही हाडांचा चुरा झाला. "खेळाच्या नादात लागली हो," म्हणून तो सगळ्यांसमोर रडला. महिनाभरात शहरात त्याची पाटी लागली. पाटीवर त्याच्या नावाखाली लिहिलं होतं, 'कडुबा वस्तादांना हरवणारा'.

दवाखान्यातून आल्यावर कडुबा एकदाच बोलले. "वेळूचा मार नव्हता तो. आत लोखंड व्हतं." त्यानंतर त्यांनी काठीला हात लावला नाही. आखाड्यात दर रविवारी मुलींना शिकवायला रूपाच उभी राहू लागली.

यंदाची शिवजयंती महिन्यावर आली, तेव्हा ती सुट्टी टाकून शहरात, शहागंजच्या मागच्या गल्लीत गेली. तिथं गयासभाईंचं बांबूचं दुकान. शिड्या आणि मांडवाचे बांबू बाहेर, लाठ्या आत. मोहरमचा आखाडा असो की गणपतीचा, जुन्या शहरात चांगली काठी लागली की लोक इथंच यायचे.

"चाचा, काठी पाहिजे. आत सळई घालून."

गयासभाईंनी चष्मा वर केला. "कडुबाची पोरगी ना तू?"

"व्हय."

"दोन साल झाले, एक जण हेच मागायला आला होता. मी हाकलून दिला त्याला. दुसऱ्या कोणी तरी करून दिली असंल."

रूपाची कानशिलं तापली. "मग तुम्ही बोलला का नाय कुणाला?"

"बोललो ना. तुझ्या अब्बालाच बोललो, दवाखान्यात जाऊन. तो म्हणाला, गप बसा गयासभाई, माझ्याच हातचं पोरगं हाय ते."

हे तिला नवीन होतं. आबांना पुरावा मिळाला होता आणि त्यांनी तो गिळला होता. तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी त्याला आणखी एक फांदी फुटली.

"मला सळई पाहिजेच," ती म्हणाली.

"सळई घालायची तर आधी बांबू पोकळ पाहिजे. तापलेल्या गजानं त्याच्या आतले पडदे फोडायचे, मग सळई सारायची, लाख ओतायची, टोकाला पितळेची शेंबी बसवायची. दिसायला एकदम शानदार. पण पडदे गेले की काठीची ताकद गेली. सळई जिथं संपते ना, शेंबीपासून दीड हातावर, तिथं सगळा ताण येतो. तिथं नीट मार बसला तर उभी चिरते." त्यांनी तिच्याकडं रोखून बघितलं. "तुला मारायचंय की जिंकायचंय?"



गयासभाई उठले आणि आतल्या खोलीतून सात-आठ काठ्या घेऊन आले. "बस. निवड."

तिनं सगळ्यात जाड काठी उचलली. त्यांनी ती काढून घेतली. "मूठ वळव. बोटं अंगठ्याला टेकली पाहिजेत, नाही तर दहाव्या मिनिटाला हात सुटतो." मग त्यांनी एकेक काठी फरशीवरून लोटली. डुगडुगत गेली ती बाजूला. उरलेल्या चार त्यांनी दगडावर आपटून ऐकवल्या. एकीचा आवाज फुटका आला. "हिच्यात बारीक चीर आहे. डोळ्याला दिसणार नाही, कानाला दिसते." उरलेल्या तीनपैकी एकीच्या गाठी लांब लांब होत्या, ती गेली. दुसरी उभी धरली तर रूपाच्या डोक्यावर जात होती. राहिली ती भुवईला टेकली. भरीव वेळू, जवळजवळ गाठी, रंग मधासारखा.

"पाऊस सरल्यावर अंधाऱ्या पाखात तोडलेला आहे. सालभर सावलीत वाळवला, शेक देऊन सरळ केला, सहा महिने जवसाचं तेल पाजलं. हिच्या पोटात काही घालायची गरज नाही."

"अन् तो सळईची घेऊन आला तर?"

"येणारच. हाताला एकदा वजनाची आदत लागली की साधी काठी फिरवता येत नाही माणसाला. बघ तू, त्याची काठी जाताना जोरात जाईल, परत यायला उशीर करील. तेवढाच वेळ तुझा."

महिनाभर रूपानं तेवढ्या क्षणासाठी मेहनत केली. ती हर्सूलला मावशीकडं राहायला गेली. पहाटे तलावाच्या बांधावर बाभळीच्या खोडाला तिनं चुन्यानं एक पट्टा ओढला, समोरच्याच्या काठीचा दीड हातावरचा भाग येईल त्या उंचीवर. त्या पट्ट्यावर रोज तीनशे मार. तळहाताचे फोड फुटले, त्यावर कातडी आली, ती पुन्हा फुटली. मावशी म्हणायची, "काय जन्माचा सूड उगवतीस का गं झाडावर?" ती हसायची नाही.

शिवजयंतीच्या दुपारी मैदानात सगळे आखाडे जमले. इंद्रजीतचा खेळ शेवटी होता. त्याची काठी काळी, तेल लावलेली, टोकाला चकचकीत शेंबी. खेळ झाल्यावर दरवर्षीसारखं त्यानं मैदानभर नजर फिरवत विचारलं, "आहे कुणी?"

"हाय," म्हणत रूपा दोरीखालून आत आली.

तो हसला. "रूपे? वस्तादानं पाठवलं का?"

"त्यांना ठावं नाय."

पंच बुद्धभूषण होता, दुसऱ्या आखाड्याचा, जरा कडक माणूस. त्यानं दोघांना नियम सांगितले. डोक्यावर मार नाही. काठी पडली किंवा मोडली की शिट्टी, आणि शिट्टीला खेळ बंद. काठ्यांची फक्त लांबी मोजली. मुजरा झाला.

इंद्रजीतनं फिरवायला सुरुवात केली तशी हवा घुमायला लागली. रूपानं काठी फिरवलीच नाही. ती नुसती मागं मागं सरकत होती. पहिला मार तिनं काठीवर घेतला तेव्हा खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. दुसरा निसटता बरगडीवर लागला आणि तिचा श्वासच अडकला. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "बास कर पोरी!"

पण तिनं बघितलं होतं. काठी जात होती सणसणून, आणि परत येताना एक ठोका उशीर करत होती.

त्याच्या तिसऱ्या मारानंतर त्या उशिरात तिनं पाऊल आत टाकलं आणि दीड हातावर मार घातला. चौथ्यानंतर पुन्हा तिथंच. इंद्रजीतच्या डोळ्यांत तिला ओळख दिसली. ती कुठं मारतेय हे त्याला कळलं होतं. तो पकड बदलायला गेला आणि तिचा तिसरा मार बसला.

काठी उभी चिरली. आतून दीड हाताची सळई निसटली आणि दगडावर खणकन पडली.

शिट्टी वाजली. लांब, स्पष्ट.

रूपानं ती ऐकली. इंद्रजीत फुटकी काठी धरून सळईकडं बघत होता, उजवा हात पुढं, लाल दोरा वर सरकलेला. तिनं मारलं. भरीव वेळूचा पूर्ण मार, कमरेतून काढलेला. हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला आणि तिला बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा इतकं बरं वाटलं.

मग एकच गोंधळ झाला. बुद्धभूषणनं एका हातानं सळई उचलून सगळ्यांना दाखवली आणि दुसऱ्या हातानं रूपाच्या हातातली काठी काढून घेतली. आठवड्याभरात इंद्रजीतची पाटी उतरली, त्याच्या वर्गातली मुलं दुसरीकडं गेली. आखाड्यांच्या बैठकीत रूपावर दोन वर्षांची बंदी आली. तिनं कागदावर मुकाट्यानं सही केली.

ती देवगावला पोचली तेव्हा कडुबा ओसरीवर डाव्या हातानं जेवत होते. बातमी तिच्या आधी पोचली होती.

"शिट्टी आधी का मार आधी?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "शिट्टी आधी," ती म्हणाली.

"लोखंड पडलं तवाच जिंकली व्हतीस तू."

"जिंकायला गेलेच नव्हते मी, आबा."

त्यांनी ताट सारलं. "तुम्ही गप बसलात," रूपा म्हणाली, "गयासचाचांनी सांगितलं व्हतं तरी. मला नाय जमलं तसं."

"माफ करणं मला बी जमलं नव्हतं," कडुबा म्हणाले. "लाज वाटली, म्हणून गप बसलो. ती वेगळी गोष्ट." त्यांनी तांब्यातल्या पाण्यानं हात धुतला. "आखाड्यात पाय ठेवू नको. मुजऱ्यानंतर मारणारा एक मी तयार केला. दुसरी कुणी तिथं शिकवायची नाय."

"मग पोरींना कोण शिकवणार?"

ते ताट उचलून आत गेले.

रविवारी रूपा आखाड्याच्या कुंपणाबाहेर जाऊन उभी राहिली. आत बारा मुली रांगेत होत्या आणि पुढं कडुबा, डाव्या हातात काठी. त्यांची फिरकी दोनदा चुकली, एकदा काठी सुटून धुळीत पडली. मुली हसल्या नाहीत. त्यांनी वाकून ती उचलली आणि पुन्हा पहिल्या पवित्र्यापासून सुरू केलं. टोकाच्या मुलीचा मागचा पाय उघडा पडत होता. ते रूपाला इथून दिसत होतं, त्यांना तिथून दिसत नव्हतं. तिच्या ओठांवर हाक आली. ती तिनं दाबली आणि शेंद्र्याची बस पकडायला फाट्याकडं निघाली.