पर्सींच्या गाण्याची साथीदार

मी एक जुनी कॉन्सर्टिना आहे मित्रांनो, आणि नम्रपणा काही मला जमत नाही. दोन हातांत मावणारी सहा कोनांची पेटी, मधे भाता. जन्म लंडनच्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं ते इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडे, सफोकमधल्या एका पबात, पर्सी कीबल यांच्या मांडीवर.

पर्सींचं एक गाणं होतं, हेरिंग मासळीला गेलेल्या होड्यांचं. वडिलांकडून आलेलं. आमच्याकडे रीतच आहे, गाणं ज्याचं त्यानंच म्हणायचं. तो जिवंत असेपर्यंत दुसऱ्यानं ते गायला तोंड उघडायचं नाही. साठ वर्षं दर रविवारी दुपारी ते गायले आणि मी साथ केली. लोक ग्लास खाली ठेवून ऐकायचे, बरं का! मग त्यांना धाप लागायला लागली. गाणं थांबलं आणि मी खिडकीत धूळ खात पडले.

त्यांची नात हेस्टर. तिचा बँड म्हणजे ड्रम, इलेक्ट्रिक गिटार, नुसता दणदणाट. एका रविवारी तिनं पबात आजोबांचंच गाणं सुरू केलं. न विचारता! सगळ्यांच्या माना कोपऱ्यात बसलेल्या पर्सींकडे वळल्या.

"मी मेलो का गं?" पर्सींनी विचारलं.

हेस्टरचा चेहरा उतरला. "चुकलं, आजोबा. पण तुम्ही गात नाही. मीही ते गायले नाही तर तुमच्याबरोबर जाईल हो ते."

पर्सी उठून खिडकीपाशी आले. त्यांनी मला उचललं, धूळ झटकली आणि वाजवायला लागले. बँडनं साथ धरली आणि सगळाच बट्ट्याबोळ! माझा सूर जुन्या काळचा, त्यांच्या गिटारपेक्षा जरा चढा.

"पेटी बेसूर झालीय, आजोबा," ड्रमवाला रूफस म्हणाला. "आतल्या धातूच्या सूरपट्ट्या घासून आणा."

"तुलाच घासतो, थांब!" पर्सी गुरगुरले.

"रूफस, गप्प बस." हेस्टरनं गिटारच्या खुंट्या पिळल्या आणि एकेक तार माझ्या सुरापर्यंत चढवली. अख्खा बँड माझ्यासाठी थांबला होता, मित्रांनो! ऊर भरून आला माझा.

मग ती गायली. ड्रम दणाणले, आणि त्यातूनही मी ऐकू येत होते. पर्सींचे नुसते ओठ हलत होते. शेवटी त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं.

"आता हे गाणं तुझं. यापुढं मी म्हणायला लागलो, तर मला गप्प कर."

तेव्हा जुनं काही हवं असेल तर आधी विचारा, मित्रांनो. आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी वेळेत देऊन टाकावं. आता दर रविवारी पर्सी पुढच्या बाकावर ताठ मानेनं बसतात आणि तोंड घट्ट मिटून घेतात. ते त्यांना किती जड जातं, हे मला माहीत आहे.