करंगळीची बातमी

मी उजव्या कोपरामागचा मज्जातंतू बोलतोय. म्हणजे जेवढा उरलोय तेवढा बोलतोय. कोपर दाराच्या कडेला आपटलं की करंगळीपर्यंत वीज चमकते, माणूस आधी कळवळतो आणि मग स्वतःशीच हसतो, त्या विजेचा धनी मी. लोकांना वाटतं हाडाला लागलं. हाडाचं फुकट नाव होतं. तक्रार नाही, आयुष्यभर दुसऱ्याच्या नावावर काम केलं की त्याचीही सवय होते.

दिसायला मी पांढरट दोरीसारखा. मानेतून निघतो, काखेतून उतरतो, कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीतून वळसा घेतो आणि तळहाताच्या कडेनं करंगळीपर्यंत पोचतो. शेजारच्या बोटाचा अर्धा भागही माझ्याकडे आहे; उरलेला अर्धा दुसऱ्या तंतूकडे. एका बोटाची अशी वाटणी कुणी आणि का केली, हे विचारायची सोय नाही. बाहेरून एक दोरी दिसत असलो तरी आत हजारो धाग्यांची मोळी आहे. काही धागे खालची बातमी वर नेतात: गरम, गार, टोचलं, घासलं. काही वरचा हुकूम खाली आणतात: उघड, मीट, धर, सोड. धाग्यांची निगा राखणाऱ्या पेशी त्यांना गुंडाळून बसलेल्या असतात. त्या धड तर बातमी धड.

वर मेंदू. आमचे मोठे साहेब. कवटीच्या बंद खोलीत बसतात, जन्मात उजेड पाहिलेला नाही, स्वतःला टाचणी टोचली तरी त्यांना कळत नाही, पण जगाबद्दलची मतं मात्र ठाम. साहेब आणि आम्ही यांच्यामध्ये मज्जारज्जू, पाठीच्या मणक्यांतून खाली उतरणारा. खरा कारभारी तो. बोट निखाऱ्याला लागलं की साहेबांची मंजुरी येईपर्यंत बोटाचा कोळसा होईल, म्हणून रज्जू आपल्या अधिकारात हात मागे खेचायचा हुकूम देऊन टाकतो. साहेबांना नंतर कळतं. ते ‘आई गं’ म्हणतात आणि हात आपणच काढला अशी समजूत करून घेतात.

तुम्ही म्हणाल, कोपरामागे बसून ह्याला घरातलं-दारातलं काय कळणार? अहो, डोळ्यांचे आणि कानांचे तंतूही त्याच कवटीत बातमी टाकतात. आणि एका कचेरीत गुपित कधी टिकलंय?

माझा जन्म माणसाच्या जन्माआधीचा. आईच्या पोटात तो अजून माणसासारखा दिसतही नव्हता, तेव्हा मी त्याच्या मानेतून वाट काढत, धागा धागा पुढे सरकत, बोटं फुटायची होती त्या दिशेनं निघालो होतो. तो बाहेर आला तेव्हा तळव्याला काहीही लागलं की मूठ आवळायची. पुढे चमचा आला, पेन्सिल आली, चेंडू आला. शाळेत माझ्या बाजूच्या बोटांना फारसं काम नव्हतं. मग तो पावाच्या भट्टीवर कामाला लागला आणि आमचे दिवस पालटले.

त्या भट्टीवर एक पद्धत होती. तापलेला ट्रे बाहेर ओढताना त्याची कड शेवटच्या दोन बोटांत अडकवायची. अंगठ्याकडची बोटं पाव वळायला लागतात, ती जपायची. ही दोन जळली तरी चालतील असा हिशेब. बाकीचे हातात फडकं घेत. फडक्याशिवाय ट्रे ओढून दाखवेल तो भट्टीचा मुख्य. त्यानं पिठाची पोती उचलायची नाहीत, भट्टीपाशी स्टुलावर बसायचं आणि इतरांनी त्याचं ऐकायचं. ही परीक्षा कुणी ठरवली कोण जाणे. पाव चांगला भाजता येतो का, हे त्यात कुणीच बघत नव्हतं.

आमचा माणूस वर्षानुवर्षं फडकं वापरत आला. मी रोज बातमी देत होतो आणि तो ऐकत होता. संसार म्हणतात तो हाच.

मग तो जंतू आला. कुणाच्या तरी श्वासातून आला असेल, पण फार वर्षं दबून राहिला. त्याला थंडावा आवडतो. माणूस दिवसभर भट्टीपुढे उभा, आणि ह्याला नेमकी गार जागा सापडली: कोपराची खोबण, जिथं मी कातडीच्या अगदी जवळून जातो. तिथं त्यानं बिऱ्हाड केलं, तेही माझी निगा राखणाऱ्या पेशींच्याच पोटात. मी सुजत गेलो. आधी गरम-गारची बातमी बंद पडली. मग हलक्या स्पर्शाची. मनगटाच्या वर कातडीवर एक फिकट डाग उमटला, पिठाचं बोट लागल्यासारखा.

एका सकाळी त्यानं पहिला ट्रे ओढला आणि शेजारी पाव वळत असलेला कारागीर ओरडला. त्याच्या आवाजामुळे त्याला सगळे भोंगा म्हणत.

“अरे ए, फडकं! फडकं कुठाय तुझं?”

“हे काय, हातात... अरेच्चा!”

“भाजलं नाही?”

“नाही बा.”

“थांब, सोडू नकोस, तसाच धर! मालक, ओ मालक! इकडं या. ह्याचा हात लोखंडाचा झालाय!”

मालक आले, कारागीर जमले. आमच्या माणसानं ट्रे तसाच धरून ठेवला, आणि खाली कातडी भाजत असताना मी गप्प होतो. रज्जू हुकूम द्यायला तयार बसला होता. त्याच्यापर्यंत कागदच गेला नाही. साहेबांचा तर नियमच आहे, बातमी नाही म्हणजे सगळं ठीक. टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून तो भट्टीचा मुख्य झाला. माझ्या मरणावर इतक्या टाळ्या पडतील असं मला वाटलं नव्हतं.

घरी बायकोला हे कौतुक तितकंसं पटलं नाही. एक दिवस कामावर निघताना त्याच्या बाहीचं बटण तुटलं. शर्ट अंगातच होता, ती घाईनं बटण लावायला बसली. तो मालकांबद्दल काहीतरी रंगवून सांगत होता. सुई निसटली आणि तळहाताच्या कडेत चांगली आत गेली. तो सांगतच राहिला.

“अहो.”

“...तर मालक म्हणाले, तुझ्यासारखा हात...”

“अहो, सुई टोचली तुम्हाला.”

“कुठं?”

“कुठं काय? रक्त आलंय! आणि हे फोड कधीचे?”

“असतील परवाचे.”

“असतील? हात तुमचा आहे की शेजाऱ्याचा उसना आणलाय?”

तो हसला. ती हसली नाही. तिनं मनगटावरच्या डागावरून बोट फिरवलं. “हाही वाढलाय. दवाखान्यात दाखवा.”

“आणि काय सांगू? डॉक्टर, काहीच दुखत नाही म्हणून आलोय? हाकलून देतील.”

“तसंच सांगा.”

“अगं, भट्टीवाल्याचा हात राठ होणारच. ह्याच हातानं स्टूल मिळवून दिलं मला.”

त्याला शंका आली नव्हती असं नाही. साहेबांच्या खोलीत त्या रोगाचं नाव येऊन गेलं होतं. मी चालू असतो तर त्या क्षणी तळहाताला घाम फुटल्याचं सांगितलं असतं. पण ते नाव बाहेर काढलं की भट्टी जाईल, लोक पाव घेणार नाहीत, मालक दारात उभं करणार नाहीत, हे सगळं साहेबांनी एका झटक्यात मांडलं आणि नाव आत ढकलून दिलं. बायकोनंही ते उच्चारलं नाही. दोघं मिळून त्याला राठ कातडी म्हणू लागले.

हुकूम नेणारे धागेही मग मेले. हाताचे बारीक स्नायू सुकले, शेवटची दोन बोटं आकड्यासारखी वाकली. भोंगा म्हणाला, “बरंच झालं की, ट्रे आपोआप अडकतो.” सगळे हसले. आमचा माणूसही.

एका संध्याकाळी तो लेकीला घेऊन बाजारात निघाला होता. लेक नुकती शाळेत जायला लागलेली. लहान मुलांच्या मुठीत बापाची करंगळीच मावते, तशी ती तिनं धरली होती. रस्ता ओलांडताना तो तिला समजावत होता, “आधी इकडं बघायचं, मग तिकडं, आणि हात सोडायचा नाही, कळलं?” उत्तर आलं नाही, पण ती अशा वेळी मान डोलावते. तो पलीकडे पोचला. मागे ब्रेक किंचाळला.

लेक रस्त्याच्या मध्यावर बसली होती, बाटलीचं एक चकचकीत झाकण उचलत. गाडीचं चाक तिच्या फ्रॉकपाशी थांबलं होतं.

“पोरगी सांभाळता येत नाही तर आणता कशाला?” गाडीवाला ओरडला.

त्यानं धावत जाऊन तिला उचललं. कडेला आणून दरडावलं, “हात का सोडलास?”

“मी सांगितलं ना, बाबा.”

“कधी सांगितलंस?”

“करंगळी दाबली की मी. झाकण बघायला थांबा म्हणून. तुम्ही थांबलाच नाहीत.”

त्यानं आपला हात समोर धरला. वाकलेली करंगळी तशीच होती, कुणीतरी धरून ठेवल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी तो बायकोबरोबर दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई फारसं बोलत नव्हत्या. त्यांनी त्याचं कोपर वाकवलं, खोबणीत बोट घातलं आणि मला हळूच घोळवून पाहिलं. इतक्या वर्षांत मला मुद्दाम भेटायला आलेल्या त्या पहिल्याच.

“दोरीसारखी जाड झालीय नस. कधीपासून बधिर आहे?”

“असेल थोडे...” तो म्हणाला.

“बटण लावलं तेव्हापासून तरी. वर्ष होऊन गेलं,” बायको म्हणाली.

बाईंनी रोगाचं नाव घेतलं. कुष्ठरोग. सर्दी म्हणावं तितक्या सहज. “गोळ्या सुरू केल्या की जंतू मरतील, तुमच्यापासून कुणाला लागण होणार नाही, तुम्ही पूर्ण बरे व्हाल. वाकलेली बोटं ऑपरेशननं थोडी सरळ करता येतील. नस मात्र परत येणार नाही. बटण लावलं तेव्हा आला असतात तर बहुतेक वाचली असती.”

“पण बाई, दुखत नव्हतं हो.”

“तेच तर.”

तो भट्टीवर जाऊन खरं सांगून आला. मालक भले गृहस्थ. त्यांनी हाकललं नाही. “बरा झालास की बघू,” म्हणाले आणि दारापासून दोन पावलं मागे सरकले. स्टुलावर आता भोंगा बसतो. फडक्याशिवाय ट्रे ओढतो, डोळ्यांत पाणी येतं, ओठ चावतो. त्याचा तंतू एकदम ठणठणीत आहे आणि बोंबलून बोंबलून बातमी देतोय. मला त्याची फार दया येते.

माझं म्हणाल तर, कोपराच्या वर मी अजून शाबूत आहे. साहेब सवयीनं हुकूम पाठवतात, मी तो कोपरापर्यंत आणतो आणि तिथं ठेवतो. पुढे न्यायला कुणी नाही. माझं काम आता डोळे करतात. रोज संध्याकाळी तो दिव्याखाली तळहात धरतो, कुठं कापलं का, भाजलं का, ते बघतो. स्वतःच्याच हाताची दुसऱ्याच्या वस्तूसारखी तपासणी करतो.

घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा, असं बाईंनी सांगितलं होतं. आधी बायकोला पाहिलं. काही नव्हतं. मग लेकीला टेबलावर बसवलं. तिच्या डाव्या दंडावर एक फिकट ठिपका होता. आईनं तो उन्हाचा समजून त्यावर तेल चोळलं होतं.

बाईंनी कापसाची बारीक वात केली. “हा खेळ आहे हं. डोळे घट्ट मिटायचे. कापूस जिथं लागेल तिथं बोट ठेवायचं.”

कापूस गालाला लागला. “इथं!”

मानेला लागला. “इथं! गुदगुल्या होतात!”

मग बाईंनी तो ठिपक्यावर टेकवला. लेक बोट उचलून तयार बसली होती. बाईंनी परत टेकवला.

“लावा ना,” लेक म्हणाली. डोळे घट्टच होते. “मी कधीची तयार आहे.”

आईनं तोंडावर पदर दाबला. बापानं मान खाली घातली.

“वेळेत आणलीत,” बाई म्हणाल्या. “बधिरपणा ठिपक्यापुरताच आहे, मोठ्या नसा सगळ्या ठीक आहेत हिच्या. गोळ्या नेमानं द्या. हात वाचेल.”

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. दुखलं की तुम्ही धावता, ते बरोबरच आहे. पण अंगावरचा जो डाग खाजत नाही, दुखत नाही, टोचलं तरी बोलत नाही, त्याला गुणी समजून सोडून देऊ नका. आजच दाखवा.

आणि त्या पोरीच्या दंडातल्या तंतूंनो, तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुमच्या बापाघरचा. तुमचा आवाज अजून आहे. साहेब कंटाळले, रागावले, तरी गप्प बसू नका.