कोलूच्या वाट्याची कैरी

धनराज तसा भित्राच. घरात साप निघाला की आधी बायकोला हाक मारणारा. अशा माणसानं गावाची रीत मोडली हे कुणाला शपथेवर सांगूनही पटलं नसतं, आणि नेमकं तेच त्याच्या पथ्यावर पडलं.

रीत साधी होती. मोहफुलं वेचून झाली की गाव आंब्याचं पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, करायचं. पहिली कैरी देवाला, मग घरोघरच्या मेलेल्या माणसांच्या नावानं एकेक, आणि त्यानंतर जिवंतांनी खायचं. तोवर झाडावरच्या कैरीला हात लावायचा नाही. वाऱ्यानं पडली तर पडली, तोडायची नाही.

धनराजच्या बांधावर कलमी आंबे होते. दर साली लगडायचे आणि दर साली लिंबाएवढेच राहायचे. चामोर्शीच्या बाजारातला फळांचा व्यापारी लियाकत शेवटी वैतागला. "धनराजभाऊ, एका घोसात एवढे फळं ठेवून राह्यला तू, झाड कोणाकोणाले पोसन? गोटीएवढे झाले का एक ठेवजो, बाकीचे तोडून टाकजो. मंग पाय माल कसा होते तं."

त्याचं खरंच होतं. झाड लेकुरवाळ्या बाईसारखं, कुणाला सोडवत नाही आणि कुणाला पुरतही नाही. पण कैऱ्या गोटीएवढ्या होतात तेव्हा पंडुम लांब असतं, आणि पंडुम येतं तेव्हा विरळणीची वेळ टळलेली असते. गावातले जाणते मुखरूभाऊ, त्यांना विचारता आलं असतं. धनराजनं विचारलं नाही. विचारलं नाही की नकारही ऐकावा लागत नाही, एवढा हिशोब त्याला बरोबर जमला.

एका सकाळी सगळं गाव मोहाखाली गेलं. बायको करिश्माही टोपली घेऊन गेली. धनराज पोटदुखीचं निमित्त करून मागं राहिला आणि कात्री घेऊन झाडावर चढला. पहिली कैरी कापण्याआधी त्यानं दोनदा वाटेकडे पाहिलं, पुढं मात्र कात्री सरसर चालायला लागली. आधी डागी आणि वाकडी फळं काढली, मग चांगल्यातलीही. प्रत्येक घोसात एक ठेवलं. पोतं खांद्यावर टाकून तो नाल्याकडे निघाला, तर समोरून परतणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू आलं.

वाटेवर शेवटचं घर सोमारीबाईचं होतं. नवरा कोलू गेल्यापासून ती एकटीच राहायची. धनराजनं पोतं तिच्या सरपणाच्या ढिगामागं कोंबलं, अंधार पडला की नेऊ म्हणून, आणि घरी जाऊन पोट धरून पडला.

अंधाराची वाट बकरीनं पाहिली नाही. दुपारीच तिनं पोतं ओढून काढलं आणि सोमारीबाईच्या अंगणभर हिरव्या गोट्या पसरल्या, एकेकीचा देठ कापलेला. गाव जमलं. तिच्याकडे आंब्याचं झाडच नव्हतं, तेव्हा मंडळी धनराजला घरून उठवून त्याच्या बांधावर घेऊन आली.

"तुह्या झाडाच्या हायेत का रे ह्या?" मुखरूभाऊंनी विचारलं.

"असतीन," धनराज म्हणाला.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण त्या एका शब्दानं सोमारीबाई चोर झाली आणि धनराजला लोकांनी 'जाऊ दे' म्हणून पाठीवर हात फिरवून समजावलं. त्या हातांची त्याला लाज वाटली, पण पाठ काही त्यानं बाजूला घेतली नाही.

"मी नाई तोडल्या," सोमारीबाई एकदाच म्हणाली. मग धनराजकडे पाहत उभी राहिली. मुखरूभाऊंनी जड तोंडानं सांगितलं की यंदा तिनं पंडुमात बसायचं नाही. म्हणजे कोलूच्या नावाची कैरी निघणार नव्हती. आणि कोलूच्या आधी ती तोंडाला लावणार नव्हती, म्हणजे यंदाचा आंबा तिलाही नव्हता.

पुढं कैऱ्या अशा फुगल्या की करिश्मा येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावर नेऊन दाखवायची. धनराज मान वर करत नव्हता. सोमारीबाई वाटेत दिसली की तो रस्ता बदलायचा आणि मग स्वतःचीच किळस येऊन जेवण टाकायचा. सगळं सांगून टाकायचं म्हणून कितीदा तरी मुखरूभाऊंच्या दारात गेला, आणि बैलाच्या खुराची चौकशी करून परत आला.

पंडुमाच्या दिवशी देवाला पहिली कैरी धनराजच्याच झाडाची गेली. "असा आंबा गावात झाला नोहता," मुखरूभाऊ कौतुकानं म्हणाले. मग एकेका घराचं नाव घेत, मेलेल्यांसाठी कैरी ठेवत ते पुढं सरकले. कोलूच्या नावाशी थांबले नाहीत. तोंड उघडायची वेळ हीच होती, आणि ती धनराजनं जाऊ दिली. लोकांनी खायला सुरुवात केली तेव्हा तो एक मोठी कैरी उचलून गुपचूप निघाला.

सोमारीबाई दारात सूप घेऊन बसली होती. त्यानं कैरी पुढं केली.

"बाई, ते पोतं..."

"मी घरातच होती त्या दिवशी," ती म्हणाली. "कुडातून पाह्यलं तुले."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तू सांगशीन म्हून वाट पाहून राह्यली होती. आज सकाळपर्यंत पाह्यली." तिनं कैरी त्याच्या हातातच मागं सारली. "त्यानं नाई खाल्ली. मी कशी खाऊ?"

धनराज तीच कैरी घेऊन परत आला आणि जेवणाऱ्यांच्या मधोमध उभा राहिला. या वेळी त्यानं बैलाची चौकशी केली नाही.

"मुखरूभाऊ, हे कोलूची हाय. सोमारीबाईनं काई नाई तोडलं. मी तोडल्या, अन् पोतंबी मीच ठेवलं तिच्या घरी. तिले बलवा. कोलूचं नाव घ्या."

घास हातातच थांबले. मुखरूभाऊंनी कैरीसाठी हात पुढं केला, पण घेतली नाही. त्यांनी एकेक करून सगळ्यांच्या पानांकडे पाहिलं. पानांवर खाल्लेल्या कैऱ्यांच्या साली पडल्या होत्या, त्यांच्या स्वतःच्याही.

"आता कसं घेऊ रे?" ते म्हणाले. "त्याच्या आधी आपन सारे जेवलो."