अडतीस पौंड हवा

डॅमियनने घडीची चौथी खुर्ची उलगडली आणि वाळूत रुतलेल्या गाडीशेजारी, समुद्राकडे तोंड करून मांडली. मग दोन पावलं मागे सरून त्याने एकंदर देखावा पाहिला. चार खुर्च्या, बर्फाची पेटी, पेटीवर बिस्किटांचा डबा. गाडीचं पोट वाळूला टेकलं होतं, तेवढं सोडलं तर कुणालाही वाटलं असतं, कुटुंब मजेत आहे.

"हे कशासाठी?" जोसलिनने विचारलं. ती पुढच्या चाकापाशी फावडं घेऊन गुडघ्यांवर बसली होती.

"येणारे-जाणारे बघतात गं."

"बघू देत की. बघतील, मग ओढून काढतील."

"आत्ता निघेल. कशाला उगीच बोभाटा?"

तंबू ठोकायची जागा अजून बरीच पुढे, उत्तरेच्या टोकाला होती. एका बाजूला वाळूची उंच टेकाडं, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक, आणि मधल्या ओल्या पुळणीवरून ओहोटीच्या वेळात सगळ्या गाड्या जात-येत. भरतीला ही पुळण उरत नसे. आणि भरती सुरू झाली होती.

गाडी जोसलिनच्या वडिलांची होती. बर्नार्ड दर फेरीनंतर तिच्याखाली झोपून, पाइप लावून, मीठ धुऊन काढत असे. किल्ली देताना त्याने ती जोसलिनच्या हातात ठेवली होती आणि बोलला मात्र जावयाशी. "वाळूवर उतरण्याआधी टायरांतली हवा काढ. अठरा पौंडांवर आण. अठरा म्हणजे अठरा."

मऊ टायर वाळूवर पसरतो, कडक टायर वाळू खणत जातो. या किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सकाळी डांबरी रस्ता संपतो तिथे गाड्यांची रांग लागली होती आणि एकेका चाकापाशी एकेक बाप उकिडवा बसला होता. डॅमियनही बसला. पहिलं टोपण काढलं आणि नेमका तेव्हाच त्याला हवा भरायचा पंप आठवला. विसरू नये म्हणून तो गॅरेजच्या अगदी दाराशी ठेवला होता. अजूनही तिथेच असणार. हवा काढली तर घरी परतताना भरणार कशाने? पंप राहिला असं सांगितलं तर जोसलिन काही बोलली नसती. नुसतं बघितलं असतं. तो चारही चाकांपाशी शोभेल इतका वेळ बसला आणि उठून आला.

"काढलीस?"

"हो."

"अठरा?"

"अठरा म्हणजे अठरा."

आता पंचाईत अशी होती की उपाय अगदी सोपा होता. हवा काढायची, चार फावडी वाळू उपसायची, गाडी अलगद बाहेर. पण हवा तर सकाळीच काढून झाली होती.

म्हणून डॅमियन खणत होता. तो जेवढं खणत होता त्यातलं निम्मं चार वर्षांचा अँगस प्लास्टिकच्या बादलीने परत भरत होता.

"अरे, आत नको टाकूस!"

"भोक पडलंय बाबा," अँगसने समजावून सांगितलं.

सहा वर्षांची टिली टपावर चढून पहाऱ्याला बसली होती. "गाडी आली!" ती ओरडली आणि दोन्ही हात हलवू लागली. जोसलिननेही फावडं वर धरलं. येणाऱ्या गाडीतल्या माणसांनी चार खुर्च्या पाहिल्या, हात हलवणारी गोड मुलगी पाहिली, आणि त्यांनीही सगळ्यांनी खिडकीतून हात हलवले. वाटेत भेटलेल्याला हात करायचा, ही इथली रीत. मागच्या सीटवरच्या आजीने तर दोन्ही हात हलवले. गाडी निघून गेली.

दुसरी गाडी आली, तिने भोंगाही वाजवला.

"किती चांगले लोक आहेत," टिली म्हणाली.

तिसरा मात्र थांबला. टपावर गळ बांधलेली जुनी गाडी, आत एकटा कोळी, दाढीवाला. त्याने काच खाली केली, इंजिन बंद केलं आणि कोपर बाहेर काढून निवांत सगळं पाहिलं. चाकं पाहिली. फावडं पाहिलं. भिजून काळी पडत वर सरकणारी वाळू पाहिली.

"काय म्हणता मंडळी? झकास जागा धरलीत."

जोसलिनने तोंड उघडलं, पण डॅमियन तिच्या आधी खुर्चीवर बसला होता. पायावर पाय टाकून.

"हो ना! म्हटलं, जरा चहा घेऊ."

कोळ्याने चहा कुठे दिसतो का ते पाहिलं. "भरती येतेय बरं का."

"तीच बघायला थांबलोय."

कोळ्याने पुन्हा एकदा चाकांकडे पाहिलं. पण समोरचा स्वतःच्या तोंडाने चहा घेतोय म्हणत असेल तर त्याला दोर लावून ओढायचं कसं? अपमान झाला असता.

"मग चालू द्या तुमचं," तो म्हणाला, स्टिअरिंगवरून एक बोट उचललं आणि गेला.

जोसलिन त्याच्या गाडीचे माग पाहत राहिली. "त्याने इंजिन बंद केलं होतं, डॅमियन."

"घाईत दिसला गं."

"इंजिन बंद करून?"

त्यावर त्याने फावडं घेतलं. खड्ड्यात आता खालून पाणी झिरपत होतं, आणि कडा बिस्किटासारख्या विरघळून आत पडत होत्या. एक लाट येऊन बर्फाच्या पेटीला शिवून गेली. जोसलिनने पोरांना उचलून वरच्या कोरड्या वाळूत नेलं, तंबू नेला, पांघरुणं नेली. बर्नार्डची गाडी न्यायला काही उपाय नव्हता. ती परत येऊन समोरच्या चाकाशी खणायला लागली, तशी डॅमियन काड्यापेटी खिशात घालून हळूच समुद्राच्या बाजूच्या मागच्या चाकाकडे सरकला.

टोपण काढून त्याने काडीचं टोक आत दाबलं. फुस्स असा आवाज झाला. तो जोरात खोकला. फार वेळ खोकणं बरं दिसेना, म्हणून गाणं सुरू केलं, शाळेत कवायतीला म्हणत ते.

"आई," टिली वरून ओरडली, "बाबा चाकाला गाणं म्हणतोय!"

"चाक पण म्हणतंय," अँगस म्हणाला. "स्स्स्स."

पलीकडे फावड्याचा आवाज थांबला. डॅमियन गातच राहिला, कारण आता थांबणं जास्त वाईट दिसलं असतं. दुसरं कडवं त्याला येत नव्हतं, त्याने पहिलंच पुन्हा म्हटलं. थोड्या वेळाने पलीकडे फावडं पुन्हा चालू झालं, सावकाश.

मग एक लाट गाडीखालून आरपार गेली. डॅमियन कमरेपर्यंत भिजला. एक खुर्ची उचलली गेली आणि काहीशा ऐटीत समुद्राकडे निघाली.

जोसलिनने खुर्चीकडे पाहिलंही नाही. दक्षिणेकडून एक दणकट पांढरी गाडी येत होती. जोसलिन तिच्या वाटेत मधोमध जाऊन उभी राहिली, डोक्यावर हातांची फुली केली आणि दुपारभर कुणीच न उच्चारलेला शब्द पुळणभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली.

"रुतलोय! आम्ही रुतलोय!"

गाडीतून साठी उलटलेली एक बाई अनवाणी उतरली. कोरल म्हणून सांगितलं तिने नाव. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली.

"ही गाडी लावलीय की पेरलीय?"

कुणी हसलं नाही. तिने खिशातून हवा मोजायचं घड्याळ काढलं आणि वाळू बाजूला सारून पहिल्या चाकाला लावलं. "अडतीस," ती म्हणाली. दुसऱ्याला लावलं. "अडतीस. अरे देवा, रस्त्यावरची हवा घेऊन उतरलात?" तिसरं. "अडतीस." चौथं. ती थबकली, घड्याळ तळहातावर आपटलं, पुन्हा लावलं.

"अकरा?" तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तीन अडतीस, एक अकरा. सगळा जन्म या पुळणीवर गाड्या ओढण्यात गेला माझा, असलं नव्हतं बघितलं. कुणाची ही कला?"

डॅमियनने श्वास घेतला. या वेळी तो खरं सांगणारच होता. "ते..."

"माझी," जोसलिन म्हणाली.

लाट आली आणि गेली.

"सकाळी मीच हवा काढत होते. एक चाक झालं, आणि अँगसला शी लागली. त्या निळ्या संडासापुढे ही एवढी रांग. आत गेलो तर कागद संपलेला. मग माझी टोपी... जाऊ दे, टोपी गेली. परत आले तेव्हा उरलेली चाकं डोक्यातून पार निघून गेली होती. गाडी माझ्या वडिलांची. हा बिचारा मघापासून खणतोय, आणि मला सांगायचा धीर होत नव्हता."

कोरल पोट धरून हसली. "टोपीत! अगं बाई!"

"मला लागली होती," अँगस वरून अभिमानाने म्हणाला.

सकाळी अँगस झोपलेला होता. तोंड उघडं टाकून, मान वाकडी करून. चारही चाकांपाशी बसताना डॅमियनने त्याला काचेतून पाहिलं होतं.

कोरलने उरलेल्या चाकांची हवा काढली, दोर बांधला, आणि दोनदा हिसका देऊन तिसऱ्यांदा गाडी चिखलातून बूट निघावा तशी बाहेर ओढली. पाठोपाठ आलेल्या लाटेने खड्डा भरून टाकला. "वडिलांना काही कळायला नको असेल तर खालून नीट धुवा," एवढं सांगून ती गेली.

जोसलिनने हात पुढे केला. डॅमियनने किल्ली दिली. टेकाडांच्या कडेकडेने, सुक्या वाळूतून, ती शांतपणे गाडी चालवू लागली. गाडी तरंगल्यासारखी जात होती.

"थँक्यू," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

समोरून एक गाडी आली. जोसलिनने बोट उचललं.

डॅमियनला हायसं वाटायला हवं होतं. ते वाटेना, कारण त्या निळ्या संडासातला संपलेला कागद मनातून जात नव्हता. आणि टोपी. एवढं सगळं तिने आणलं कुठून? मध्ये एकदाही अडखळली नव्हती. गेल्या हिवाळ्यात ती मुलांना घेऊन टूवूम्बाला बहिणीकडे गेली होती आणि ठरल्यापेक्षा जास्त राहिली होती. अँगसचं पोट बिघडलं, असं फोनवर म्हणाली होती. तिथला औषधवाला तिरळा होता, त्याने आधी चुकून घोड्याच्या औषधाची बाटली काढली होती. त्या औषधवाल्यावर डॅमियन कितीतरी दिवस हसत होता.

तो मागे वळला. अँगस ओलं बिस्किट खात होता.

"अँगस, तुम्ही मावशीकडे गेला होतात ना, तेव्हा तुझं पोट दुखत होतं?"

अँगसने आधी आरशात पाहिलं. आरशात जोसलिनचे डोळे होते.

"हो," तो मघाइतक्याच अभिमानाने म्हणाला. "खूप."