धुराच्या मटणाचा रेट

मला कुणी भांडकुदळ म्हटलं तर चालतं, पण माझा रविवार कुणी फुकटात नेलेला मला चालत नाय. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की सायलीनं मित्रामित्रांत भांडण लावलं. लावलं, व्हय. पण त्याला कारण होतं.

आमचे इंद्रजीत वाळूजला एका फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये आहेत. सोमवार ते शनिवार सकाळी सातला बाईकवर बसतात, ते अंधार पडल्यावर गारखेड्यात परत. नवरा माझ्या वाट्याला येतो तो रविवारी. म्हणजे यायचा. पाच महिन्यांपूर्वी ह्या माणसानं मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ बघितला, दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम आणला, जाळून घासून साफ केला, आडवा कापला, बिजागऱ्या ठोकल्या, आत जाळी बसवली, वर धुराडं काढलं आणि गच्चीवर नेऊन ठेवला. मटणाला धूर द्यायचा म्हणे. मी म्हटलं, धुंगार तर माझी आई पण द्यायची, निखाऱ्यावर तूप सोडून, दोन मिनिटांत. तर म्हणाले, हा आठ तासांचा असतो.

आठ तास! एका कडेला विस्तव, दुसऱ्या कडेला मटण, मधे आंब्याच्या लाकडाचा बारीक धूर. आणि ड्रमसमोर स्टुलावर माझा नवरा, दर पंधरा मिनिटांनी एक ढलपी टाकत.

खोटं का बोलू, पहिल्या रविवारी ते मटण खाल्लं आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. हाडावरून आपोआप सुटत होतं. स्टेटसला फोटो पण मीच टाकला. तिथंच माझं डोकं फिरलं होतं.

फोटो बघून दुसऱ्या रविवारी बद्रीनाथ आणि ओवैस हजर. बद्रीनाथ वाळूजच्याच दुसऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर पार्ट मोजून पास-नापास करतो. ओवैसचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, आणि त्याच्या मामूचं मटणाचं. त्यामुळं सगळ्यांचं मटण तिथूनच यायचं आणि एकाच जाळीवर चढायचं. ह्याचे चार किलो, त्याचे तीन किलो. सकाळी पिशव्या ठेवायच्या, “इंदर, संध्याकाळी येतो” म्हणायचं आणि निघायचं. एक जण सासुरवाडीला, एक जण पोरांना घेऊन फिरायला. कोळसा आमचा, मसाला मी वाटलेला, लाकडं माझ्या बापाच्या करमाडच्या बागेतली. आणि सगळ्यांच्या बायकांचे नवरे मोकळे, माझा तेवढा गच्चीवर.

मी म्हटलं, पैसे घ्या. इंद्रजीत म्हणाले, दोस्तांकडून काय पैसे घ्यायचे? मी म्हटलं, मग दोस्तांना म्हणावं या आणि फुंका. महिनाभर आमचं हेच चाललं. खरं तर मला पैसे नको होते. रेट लावला की गर्दी कमी होईल आणि माझा माणूस खाली येईल, एवढाच माझा हिशोब होता.

शेवटी एकदा तयार झाले. पण रेट लावायचा कसा? त्यांना आयुष्यात एकच पद्धत माहीत. गेट असो, ग्रील असो, लोखंड गिऱ्हाईकाचं आणि मजुरी किलोवर. खाली मान घालून म्हणाले, “किलोला दीडशे.” मी त्यांच्याच फोनवरून ग्रुपवर टाकून दिलं, विचार बदलायच्या आत. ओवैसचा लगेच मेसेज आला, भाभी, बिलकुल वाजिब. बद्रीनाथचं दोन दिवसांनी नुसतं ‘ओके’.

रविवारी बद्रीनाथ आला तो लटकवायचा वजनकाटा घेऊनच. माझ्यादेखत चार किलो मोजले, सहाशे रुपये दिले आणि गेला. संध्याकाळी आला, तयार मटण मोजलं, दोन किलो सहाशे भरलं. काट्याकडं बघत, अगदी शांतपणे, कंपनीत विचारतात तसं त्यानं विचारलं, “कच्चा माल चार किलो दिला होता. स्क्रॅप कुठंय?”

आता हे समजून घ्या. वाळूजला जॉबवर्कचा नियमच तसा आहे. गिऱ्हाईकाचा जेवढा माल येतो, तेवढा परत गेला पाहिजे, तयार माल आणि उरलेले तुकडे मिळून. तुकडे कमी भरले की कामगारानं विकून खाल्ले असं धरतात. फुकट होतं तोवर कुणी काटा काढला नव्हता. किलोचा रेट लावला आणि मटणाचं जॉबवर्क झालं.

मी म्हटलं, तुझं स्क्रॅप धुराड्यातून वर गेलंय, जा पकड. पण इंद्रजीतनी काही ऐकलंच नाही. पंधरा वर्षांत शॉपमधून एक नट घरी न आणलेला माणूस. त्यांनी सहाशे रुपये बद्रीनाथच्या हातात परत ठेवले आणि ड्रमवर ताडपत्री टाकली.

पुढच्या रविवारी मला नवरा मिळाला. पूर्ण दिवस मिळाला. भिंतीकडं तोंड करून पलंगावर पडलेला. जेवायला वाढलं तर जेवला, चहा दिला तर प्यायला, बाहेर जाऊ म्हटलं तर म्हणाला, तू जाऊन ये. माझा जीव तुटला. ह्याच्यासाठी मी रेट लावला होता का? हे माझंच करणं होतं, म्हणजे निस्तरायचं पण मलाच होतं.

सोमवारी बद्रीनाथला फोन लावला. सांगितलं, येत्या रविवारी सकाळी सातला चार किलो आण, काटा आण, दिवसभर स्वतः ड्रमसमोर बस आणि तुझं स्क्रॅप शोधून दे. ओवैसला साक्षीला बोलावलं. इंद्रजीतना काहीच बोलायचं नाही, असं बजावून वर नेलं. ते तसेही बोलत नव्हतेच.

बद्रीनाथ दर अर्ध्या तासाला झाकण उघडायचा, मटण काट्याला लावायचा आणि कठड्यावर खडूनं आकडा लिहायचा. झाकण उघडलं की आतली धग निघून जायची. इंद्रजीत हाताची घडी घालून नुसते बघत होते. दुपारी बारापर्यंत आकडे होते अकरा आणि मटण होतं कच्चं. मग त्यानं खाली वाकून बघितलं. जाळीखालच्या ताटात चरबी ठिबकत होती, आणि झाकणाच्या फटीतून वाफ निघत होती. ताट वर घेऊन तो बराच वेळ त्याच्याकडं बघत बसला. एक वाजल्यानंतर त्यानं काटा खिशात घातला. तीनला ओवैस सहज झाकणाला हात लावायला गेला, तर बद्रीनाथ त्याच्या अंगावरच ओरडला, “धग जाती ना बे!” इंद्रजीत दोन आठवड्यांनी पहिल्यांदा हसले.

आठ तासांचं काम अकरा तासांवर गेलं. संध्याकाळी सहाला बद्रीनाथचे डोळे लाल, शर्टाला धुराचा वास, आणि सासुरवाडीहून आलेले सात मिस्ड कॉल. त्यानं पाकीट काढलं.

“इंदर, चुकलं माझं,” तो म्हणाला. “कच्च्यावर धर, तयारवर धर. तू म्हणशील तो रेट.”

इंद्रजीतनी सुरी पुसली. जाळीवरचा एक तुकडा कापून आधी बद्रीनाथला दिला, एक ओवैसला. मग म्हणाले, “रेट एक रविवार. ज्याचं मटण त्यानं बसायचं. आजपर्यंत मी सायलीचा देत होतो.”

मी तिथंच भाकरीचं टोपलं घेऊन उभी होते. मला रडू आलं, आणि त्याच्यापेक्षा जास्त राग आला. एवढं कळत होतं, तर हा माणूस पाच महिने तोंड शिवून का बसला होता? सगळ्यांदेखत तसं विचारलं पण. ओवैस म्हणाला, भाभी, जाने दो. मी म्हटलं, तू गप बस.

बद्रीनाथ म्हणाला, हे लई महाग पडतं, त्यापेक्षा किलोला तीनशे घे. इंद्रजीतनी ऐकून घेतलं नाही.

आज रविवार आहे. सातपासून दोघं वर आहेत, आणि आम्ही खाली. दहा वाजता आम्ही तिसरा चहा घेत होतो, तेवढ्यात जिन्यातून बद्रीनाथची हाक आली, इंदर, धूर काळा यायलाय, काय करू? इंद्रजीत कप ठेवून उठलेच. मी त्यांचा शर्ट मागून धरला.

“बसा खाली,” मी म्हटलं. “त्यानं पूर्ण रविवार दिलाय, त्यातलं एक मिनिट पण कमी करायचं नाय.”