टेपचं दुसरं टोक

"मावशी, जरा हे टोक धरता का?"

डोक्यावर मासळीची पाटी असली की खाली बघता येत नाही. कृष्णाबाईला आधी आवाज ऐकू आला, माणूस दिसलाच नाही. पाटी सांभाळत ती गुडघ्यात थोडी वाकली, तेव्हा दिसला. पनवेलच्या भर बाजाररस्त्यात उकिडवा बसलेला एक पोरगा, हातात पिवळी टेप आणि नजर तिच्या पायांवर.

"पाय मापतंस काय रं? चपला देनार हायेस?"

मागून येणारी तिची धाकटी जाऊ वेणू खदखदून हसली. हसताना पाटीतलं पाणी तिच्या कानामागून ओघळलं.

पोरगा उठून उभा राहिला. "तसं नाही, मावशी. मी रूपेश. पालिकेच्या ऑफिसातून आलोय. तुम्ही दुकानांच्या कडेनं न जाता रस्त्याच्या मधून का चालता, ते बघतोय. इथं फूटपाथ करायचाय. एस. टी. स्टँडपासून मच्छी बाजारापर्यंत, सगळा एका पातळीत."

"आनि आमाला कुटं टाकनार?"

"टाकणार कुठं? तुमच्यासाठीच तर..."

इथे कृष्णाबाई सावध झाली. 'तुमच्यासाठीच' हा शब्द तिने आधी ऐकलेला होता.

मधून का चालता, याचं उत्तर तिच्या तोंडात तयार होतं. प्रत्येक दुकानदाराने रस्त्यात आपापल्या मर्जीने पायऱ्या ठोकल्या होत्या. कुणाची गुडघाभर, कुणाची वीतभर, आणि वर स्कूटर लावलेली. पाटीवालीला तिथे चढता-उतरता येत नाही, म्हणून ती टेंपो-रिक्षांच्या मधून जाते. एवढं सांगायचं होतं. पण कृष्णाबाई म्हणाली, "आमी या रस्त्यानं येतच नाय. आज चुकून आलो. वेणू, चल गो."

"मग रोज बाजारात मासळी येते कशी? उडत?"

"व्हय. पंख असतात तिला. शिकलेला ना तू?"

कुणी म्हणेल, अडाणी बाई. म्हणू दे. ज्याची जमीन टेपने गेली नाही, त्याने तिला शहाणपण शिकवू नये.

उरणकडच्या त्यांच्या गावात अशीच पिवळी टेप आली होती. तिचा नवरा काशिराम त्या टेपचं टोक धरून दिवसभर खाडीकाठच्या खाजणातून चिखल तुडवत धावला. साहेब लोक पाहुणे आहेत म्हणाला, घरी नेऊन चहा पाजला. ते 'धर' म्हणाले की धरायचा, 'सोड' म्हणाले की लगेच सोडायचा. आपल्याच शेताचं माप त्याने आपल्याच हाताने काढून दिलं. त्याच्या बाजूचं टोक त्याच्या मुठीत होतं, पण आकडा लिहिला जात होता दुसऱ्या टोकाला. पुढे तिथे तारेचं कुंपण पडलं आणि काशिराम कुंपणाच्या बाहेर बसून बसून मेला.

म्हणून या वेळी सकाळच्या एस. टी.त मागच्या बाकांवर बसणाऱ्या सगळ्या कोळणींना कृष्णाबाईने बजावलं. टेपवाला काही विचारील तर खोटं बोलायचं, आणि टोक धरायचं नाही. त्यांनी ते चोख पाळलं. रूपेश आठवडाभर उन्हात फिरला. बाजारातल्या एकाही कोळणीने आपण त्या रस्त्याने चालतो असं कबूल केलं नाही.

पण टोक कुणाला तरी धरावंच लागतं.

"अरे साहेब, लाजता काय? आणा इकडे," म्हणत भांड्यांच्या दुकानातला भावेशशेठ खाली उतरला. त्याने टोक दुकानाच्या भिंतीला लावलं नाही. सगळ्यात खालच्या पायरीच्या कडेला लावलं आणि वर चपलेचा अंगठा दाबला. मापात पायऱ्या दुकानातच गेल्या. रूपेश दुसऱ्या टोकाला मान खाली घालून आकडा टिपत होता. त्याला हे दिसलं नाही, की दिसूनही तो गप्प बसला? देव जाणे. कृष्णाबाईला मात्र दिसलं. दोघं मिळून खातायत, खाऊ देत, असं मनात म्हणून ती पुढे गेली.

दिवाळीनंतर फूटपाथ झाला. पायऱ्यांपुढे उरला तेवढाच, माणूस अंग चोरून जाईल इतका. त्यावर शेठने पिंपं मांडली. फूटपाथच्या खाली रस्त्यावर पांढरे पट्टे मारून गाड्या उभ्या करायची सोय झाली. गाड्यांना जागा मिळाली, भांड्यांना मिळाली. पाटीवाल्या अजून थोड्या मधे सरकल्या.

अशाच एका सकाळी पट्ट्यातली एक मेटॅडोर न बघता मागे आली. पाटीखालून वेणूला मागे वळता आलं नाही. कोलंबी रस्ताभर सांडली आणि लोक आधी कोलंबीकडे धावले.

वेणूचा खुबा मोडला. आता ती दारात बसून जाळी विणते. तिने एकदाच विचारलं, "आपन तवा त्याला खरं सांगितलं असतं तर?"

"तर काय? शेठच्या पायऱ्या त्यानं तोरल्या असत्या?"

"नाय गो. पन सांगितलं असतं तर?"



शिमग्याच्या सुमारास रूपेश पुन्हा दिसला. तीच टेप. "वरून परत मापायला सांगितलंय," असं तो कुणाला तरी सांगत होता. भावेशशेठ हात पुढे करून उतरलाच होता, "द्या साहेब, मी धरतो."

कृष्णाबाईने पाटी उतरवली. भर रस्त्यात, पांढऱ्या पट्ट्यावर. मागे टेंपो भोंगा वाजवू लागला.

"ए बाई, उचल ते! वास मारतोय."

"मारू दे. आन रं पोरा, इकडं दे."

तिने टोक घेतलं आणि वाटेतली शेठची पिंपं पायाने सारली. ती घरंगळत रस्त्यावर गेली, आणि कृष्णाबाई पायऱ्या चढली. दुकानाच्या उंबऱ्याशी बसून तिने टोक शटरलगतच्या भिंतीला टेकवलं आणि खवले चिकटलेला तळवा त्यावर दाबला. शेठने नाकाला रुमाल लावला. "साहेब, ही कोण सांगणारी? पायऱ्या माझ्या आहेत!"

रूपेशने शेठकडे बघितलं, मग कृष्णाबाईकडे. टेप ताणली.

"येवऱ्यात पाटीवाल्या दोघी जातील? एकीच्या बाजूला दुसरी?"

"पायऱ्या काढल्या तर आरामात जातील, मावशी."

"काडतील?"

तो वाकून टेपवरचा आकडा बघू लागला. मग म्हणाला, "झालं. सोडा आता."

"तू पयलं लिव."

त्याने वही मांडीवर घेऊन लिहिलं आणि वही उलटी करून तिला लांबून दाखवली. "हे बघा, लिहिलं. सोडा."

कृष्णाबाईला वाचता येत नव्हतं. तिने टोक सोडलं नाही.